कॉटन ग्रीन ते यवतमाळ, व्हाया कापूस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले तीन वीकांत प्रोजेक्टच्या रिलीजने खाल्ले. पण २०२५ च्या नोव्हेंबरात केलेली बाईकवारी डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहून टाकतो. फोटो आणि मायलेजचा हिशोब हवा असणाऱ्यांनी आधीच माफ करावं. यात इतिहासच जास्त आहे.

माझा जन्म अभ्युदयनगरातला, स्टेशन कॉटन ग्रीन. लहानपणी मला वाटायचं की इथे कधीकाळी हिरवा कापूस मिळत असणार. शाळेत इंग्रजी सुधारल्यावर कळलं की हे ग्रीन म्हणजे गावातलं मोकळं मैदान. आणि गंमत म्हणजे ते मैदान इथलं नाहीच! मूळ मैदान फोर्टातलं, टाऊन हॉलसमोरचं, जिथे आज हॉर्निमन सर्कल आहे. तिथे कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असायचे. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला आणि १९२० च्या दशकात तिथून उचलून शिवडीजवळ पोर्ट ट्रस्टच्या जागेत आणला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढाकाराने १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली होती. तिचं आजचं रूप म्हणजे कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया, आणि तिचं ऑफिस आजही स्टेशनच्या पूर्वेला कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत आहे. म्हणजे आमच्या स्टेशनचं नाव दोनदा घर बदलून आलंय.

माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. लहानपणी मी त्यांना एकदा विचारलं होतं, "आजोबा, गिरणीत कापूस कुठून यायचा?" ते म्हणाले, "गाडीतून."

तेव्हा मी हसलो होतो. पण हे उत्तर कुठेतरी अडकून राहिलं. म्हणून ठरवलं, की कापूस ज्या दिशेने मुंबईत आला त्याच्या उलट दिशेने जायचं, थेट यवतमाळपर्यंत. ऑफिसातला एक मित्र तयार झाला, दोघांच्या दोन गाड्या, शनिवार-रविवारला दोन्हीकडून सुट्ट्या जोडल्या. आता तर समृद्धी महामार्ग आहे, ५ जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडाही सुरू झालाय. पण तिथे दुचाकीला परवानगी नाही. एका अर्थी बरंच झालं, आडवाटेने जायला कारण मिळालं.

पहिला दिवस कसारा घाटाचा. पहाटे पाचला निघालो, शहापूरला मिसळ हाणली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबून रेल्वे बघत बसलो. याचं जुनं नाव थळ घाट. इथे रुळांचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. वाचायला काही वाटत नाही, पण गाडीला मागून जादा इंजिनांनी ढकलावं लागतं. हा रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस मुंबईला येतच नव्हता फारसा. तो बैलांवर लादून उत्तरेला मिर्झापूरला जायचा आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला! मुंबईची वाट धरली ती १८२५-२६ च्या सुमारास, विकाजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी बंधूंच्या पेढीने. वाहतूक सगळी बैलांवर. पावसाळ्यात वाट बंद, उन्हाळ्यात धूळ, आणि मुंबईत पोचेपर्यंत कापूस मळून काळा. हे सगळं आठवत मी माझ्या एकशेपंचवीस सीसीच्या गाडीवरून घाट चढत होतो आणि तक्रार करत होतो की पाठ दुखते!

घोटीला हायवे सोडला आणि खरी मजा सुरू झाली. भंडारदरा, राजूर, अकोले. एका बाजूला कळसूबाई, भातकापणी चालू, रस्त्यावर ट्रॅफिक म्हणजे बैलगाड्या आणि एसटी. मुक्काम संगमनेर.

दुसऱ्या दिवशी वैजापूर, कन्नड, पिशोर करत सिल्लोड आणि अजिंठा गाव. हा पट्टा लांबलचक, वळणं कमी, त्यामुळे डोकं चालायला मोकळं. आता ती तारीख घ्या.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैसा इतका वाहिला की रोज नवी कंपनी निघायची, समुद्र बुजवण्याच्या कंपनीचे शेअर तर वेड्यासारखे चढले. प्रेमचंद रायचंद त्या खेळाचे बादशहा. वऱ्हाडात, खानदेशात, नगरकडे शेतकऱ्याने ज्वारी मोडून कापूस लावला आणि सावकाराने हसत हसत कर्ज दिलं. भाव चांगला होता ना!

आणि मग एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. म्हणजे बघा, घाटातली रेल्वे जानेवारीत सुरू झाली आणि भाव त्याच वर्षी कोसळले. रस्ता तयार झाला तेव्हा ज्या तेजीची सगळे वाट बघत होते तीच गेली. मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. पण मुंबई सावरली. प्रेमचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभाही राहिला. शेतकऱ्याकडे मात्र कर्जरोखे उरले. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. हे लोण पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पसरलं. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना यायचं. कापसाची मंदी हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, सारावाढही होती. पण त्या दोन मार्कांचं एक टोक अमेरिकेत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा दिवस सगळ्यात देखणा. अजिंठ्याहून बुलढाणा, आणि तिथून बोथा मार्गे खामगाव. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सागाचं जंगल, वळणावळणाचा घाट, मोबाईलला रेंज शून्य. मित्राची गाडी इथेच पंक्चर झाली. ट्यूब बदलेपर्यंत दीड तास गेला, तेवढ्यात चार वाहनं गेली आणि त्यातली तीन "काय झालं?" विचारायला थांबली. मुंबईत असं झालं असतं तर... जाऊ दे.

इथून वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाने थकलेल्या देण्यापोटी हा मुलूख इंग्रजांच्या हाती दिला. इंग्रजांना इथे काय हवं होतं ते खामगावात कळतं. आज लोक खामगावला चांदीसाठी ओळखतात, पण तेव्हा ही कापसाची मोठी पेठ होती. तिच्यासाठी १८७० मध्ये जलंबहून खास फाटा टाकला. जेमतेम तेरा किलोमीटरचा! एक वर्ष आधी सुएझचा कालवा उघडला होता. आणि त्याच १८७० मध्ये समुद्राखालून तार टाकून मुंबई लंडनला जोडली गेली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी तासांवर आली. पण माहिती कुणाला लवकर मिळाली? लिव्हरपूलचा भाव पेढीवर कळायचा, शेतावर नाही. नेटवर्क होतं, फक्त शेतकरी त्याचा यूजर नव्हता.

चौथ्या दिवशी अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची वाट म्हणजे शकुंतलेची वाट. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने कापसासाठी बांधलेली नॅरोगेज. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आता गाडी बंद आहे. रूळ कुठे दिसतात, कुठे गवतात गायब होतात.

कारंज्याच्या पुढे एका शेतापाशी थांबलो. वेचणी चालू होती. बांधावर एक म्हातारे काका बसले होते.

"कोठून आले बाप्पा?"

"मुंबईहून. कॉटन ग्रीनहून."

नाव ऐकून ते काहीच बोलले नाहीत. मी सांगितलं, की काका, तुमच्याकडचा कापूस आमच्या इथे यायचा, आमच्या स्टेशनचं नावच त्यावरून पडलंय. ते हसले. "आमाले काय माहीत बाप्पा? गाडीत भरला का गेला."

पुढे मला काही सुचेना. मी भावाबद्दल विचारलं. ते म्हणाले, हमीभाव कागदावर आठ हजार एकशे दहा, पण ओलावा दाखवून व्यापारी कमीच देतो, अन् आता बाहेरून कापूस येऊन राहिला. खरंच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं होतं आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली होती. कापड कारखान्यांना दिलासा, आणि वेचणी नेमकी तेव्हाच.

यवतमाळच्या लॉजवर रात्री झोप येईना. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे आजोबा. ते परत आत गेलेच नाहीत. १९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यात दरवर्षी त्या दिवशी बरेच लोक अन्नत्याग करतात. मधे फक्त चार वर्षं. आमच्या घरात संपाबद्दल खूप बोललं गेलं, चिलगव्हाणबद्दल एकदाही नाही. तिकडेही साचेवाल्याबद्दल कोण बोललं असेल? एकाच कापसावर दोघं जगत होते. कारणं वेगळी असतील, पण दोघांचा हिशोब तिसराच कुणीतरी करत होता, आणि दोघांना एकमेकांची माहिती एवढीच, की गाडी येते आणि गाडी जाते.

एक गोष्ट मात्र आजोबांच्या पिढीला आणि मला जोडते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. हे वीकांताचं लिखाण त्याच सुट्टीवर चालतं. शेतकऱ्याला ती अजून मिळालेली नाही.

परतीचे दोन दिवस नुसते हायवेने पळालो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निघताना काकांनी मूठभर कापूस दिला होता, सरकीसकट. तो घरी आणून आजीच्या हातात ठेवला. तिने एक एक सरकी बोटांनी काढली, चांगली पंधरा मिनिटं लागली. मग वात वळता वळता म्हणाली, "ह्यांनी तीस वर्षं कापड विणलं रे, पण सरकी काही बघितली नसेल."

वात आजोबांच्या फोटोपुढे लावली. उरलेल्या सरक्या गॅलरीतल्या कुंडीत पेरल्यात. उगवल्या तर कळवतोच.