ब्राउझरच्या आवृत्तीगणिक शैलीनियम : एका तडजोडीचा इतिहास आणि तिची शिस्त

संकेतस्थळाच्या पानाचे दोन अंगांनी वर्णन करता येते. मजकूर कोणता, शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे संपतो हे एचटीएमएल सांगते. तो मजकूर कोणत्या रंगात, किती रुंदीत आणि कोणत्या अक्षरात दिसावा हे स्टाईलशीट, म्हणजे शैलीपत्रक, सांगते. शैलीपत्रकाची सीएसएस ही भाषा हाकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रस्तावित केली. पुढे बर्ट बॉस त्यांच्यासोबत आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली पातळी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. नियम एकदाच लिहावेत आणि प्रत्येक ब्राउझरने ते सारख्याच अर्थाने पाळावेत, ही तिच्यामागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात ब्राउझरांचे अर्थ जुळले नाहीत. त्यातून विशिष्ट ब्राउझरच्या विशिष्ट आवृत्तीपुरते नियम लिहिण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीची साधने आज बहुतांशी कालबाह्य झाली असली, तरी तिच्यामागील प्रश्न कायम आहे.

मतभेदाचे मूळ

चौकटीच्या रुंदीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एखाद्या चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंची आतील मोकळी जागा प्रत्येकी २० पिक्सेल आणि किनार प्रत्येकी ५ पिक्सेल ठरवली आहे असे समजू. सीएसएसच्या मूळ नियमानुसार ३०० हे माप केवळ मजकुराच्या जागेचे असते. मोकळी जागा आणि किनार त्यात मिळवल्यावर चौकट ३५० पिक्सेल जागा व्यापते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र ३०० हेच संपूर्ण चौकटीचे माप मानत असे, म्हणून मजकुराला २५० पिक्सेलच उरत. एकाच ओळीचे दोन अर्थ झाले की शेजारशेजारचे स्तंभ एकतर सैल पडत किंवा जागा न पुरून एकाखाली एक घसरत.

एक्सप्लोरर ६ ने २००१ मध्ये ही मोजणी सुधारली. पण पानाच्या आरंभी योग्य डॉकटाईप असेल तरच. ती ओळ नसल्यास पान जुन्या काळचे समजून जुन्याच पद्धतीने मांडले जाई. या कथेचा शेवट मात्र वेगळा झाला. एक्सप्लोररची मोजणी व्यवहारात अधिक सोयीची असल्याचे अनेकांना जाणवले आणि पुढे सीएसएसमध्येच बॉक्स-सायझिंग हा गुणधर्म आला. त्यामुळे कोणती मोजणी वापरावी हे लेखकाला स्वतः ठरवता येते, आणि आज पुष्कळ पानांवर ‘चुकीची’ ठरलेली ती जुनी रीतच जाणीवपूर्वक निवडलेली असते.

दोषाचाच दिवा

सीएसएसला स्वतःहून ब्राउझरचे नाव वा आवृत्ती विचारता येत नाही. म्हणून विकासकांनी आडवाट शोधली : ब्राउझरच्या एका दोषाच्या उजेडात त्याचा दुसरा दोष गाठायचा. अशा युक्तीला हॅक म्हणतात. टँटेक चेलिक यांची ‘बॉक्स मॉडेल हॅक’ ही यातील सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात आधी एक्सप्लोरर ५ ला मानवणारी रुंदी लिहीत. त्यानंतर वाचिक ध्वनीसाठी असलेला एक गुणधर्म अशा विचित्र अवतरणचिन्हांनिशी लिहीत की एक्सप्लोरर ५ ला तेथेच नियम संपल्याचा भास होई. खरी रुंदी त्याच्या पुढे असे; ती केवळ नियम नीट वाचू शकणाऱ्या ब्राउझरांपर्यंत पोहोचे.

या युक्तीची मर्यादा लगेच दिसून आली. ऑपेरा ५ हा ब्राउझर रुंदी बरोबर मोजत असे, पण नियम वाचताना एक्सप्लोररप्रमाणेच अडखळत असे. त्यामुळे त्याच्या वाट्याला नाहक चुकीची रुंदी आली आणि त्याच्यासाठी तिसरा नियम जोडावा लागला. वाचण्यातला दोष आणि मोजण्यातला दोष यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. एका ब्राउझरमध्ये ते योगायोगाने एकत्र आले होते. बहुतेक सर्व हॅक अशाच योगायोगांवर उभ्या होत्या.

एक्सप्लोरर ६ साठी वापरली जाणारी तारांकनाची हॅकही त्याच जातीची. पानाच्या रचनेत एचटीएमएल हा मूळ घटक असतो, त्याच्यावर कोणी नसते. साहजिकच ‘कोणत्याही घटकाच्या आत असलेला एचटीएमएल घटक’ असे लिहिले, तर तो नियम कोठेही लागू होऊ नये. एक्सप्लोरर ६ व त्यापूर्वीच्या आवृत्त्या मात्र मूळ घटकावर एक अदृश्य घटक असल्याचे मानत आणि तो नियम पाळत. गुणधर्माच्या नावाआधी अधोरेषा दिली, तर तीही एक्सप्लोरर ६ दुर्लक्षित करी. इतर ब्राउझर ती ओळच सोडून देत.

एक्सप्लोरर ६ नंतर सातवी आवृत्ती येण्यास पाच वर्षे लागली. या अवधीत असंख्य संकेतस्थळे या युक्त्यांवर उभी राहिली. सातव्या आवृत्तीत तारांकनाचा दोष दुरुस्त होणार, हे स्पष्ट होताच ऑक्टोबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोरर गटाने विकासकांना अशा हॅक काढून टाकण्याचे जाहीर आवाहन केले. कारण सरळ होते. वाचण्यातला दोष गेला म्हणजे मांडणीतला प्रत्येक दोष गेलाच असे नव्हे; दिवा विझला तरी खड्डा राहू शकतो.

सशर्त टिप्पण्या आणि त्यांचा अस्त

एक्सप्लोररने यासाठी एक अधिकृत मार्गही ठेवला होता. एचटीएमएलमधील टिप्पणी, म्हणजे ब्राउझरने वगळावयाचा मजकूर, विशिष्ट शब्दांत लिहिल्यास एक्सप्लोरर ५ ते ९ तिच्या आतील अट तपासत. ‘आवृत्ती सातपेक्षा लहान असेल तर हे वेगळे शैलीपत्रक घ्या’ असे तिच्यात सांगता येई. इतर ब्राउझरांच्या दृष्टीने ती केवळ टिप्पणीच राही. हा मार्ग हॅकपेक्षा पुष्कळ स्वच्छ होता : अपवाद वेगळ्या फाइलीत राहत, मुख्य शैलीपत्रक निर्मळ राही आणि जुनी आवृत्ती वापरातून गेली की ती फाइल एका क्षणात काढता येई. २००८ मध्ये पॉल आयरिश यांनी याच टिप्पण्यांच्या आधारे पानाला आवृत्तीदर्शक वर्गनाव देण्याची पद्धत मांडली आणि ती लोकप्रिय झाली.

२०१२ मधील एक्सप्लोरर १० ने सशर्त टिप्पण्यांचा आधार काढून घेतला. १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरील एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला. तरीही जुन्या कार्यालयीन प्रणालींसाठी मायक्रोसॉफ्ट एजमध्ये ‘आयई मोड’ ठेवलेला आहे. सॉफ्टवेअरची निवृत्ती आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या कामाची निवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नावावर विश्वास का ठेवू नये

प्रत्येक ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख कळवतो. तिला ‘यूजर एजंट’ म्हणतात. ती वाचून स्क्रिप्टच्या साहाय्याने वेगळे शैलीनियम लावता येतात. पण ही ओळख साक्षीदार म्हणून भरवशाची नाही. संकेतस्थळे नाव पाहून प्रवेश नाकारू लागली, तेव्हा ब्राउझरांनी एकमेकांची नावे धारण केली. क्रोम आपल्या ओळखीत मोझिला आणि सफारी ही दोन्ही नावे सांगतो. एक्सप्लोरर ११ ने तर आपले परिचित संक्षिप्त नावच वगळले आणि आपण ‘गेकोसारखे’ असल्याचे म्हटले; गेको हे फायरफॉक्सचे इंजिन होय.

आकड्यांचीही हीच कथा. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा अनेक पाने आवृत्तीचा केवळ पहिला अंक वाचत. दहा म्हणजे एक, असा त्यांचा समज होऊ नये म्हणून ऑपेराला ओळखीच्या आरंभी ९.८० हाच आकडा ठेवून खरी आवृत्ती शेवटी सांगावी लागली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोहोचले, तेव्हा तीन अंकांबाबत तीच काळजी पुन्हा घ्यावी लागली. नाव आणि इंजिन यांची सांगडही अटळ नसते. आयफोनवर दीर्घकाळ सर्व ब्राउझरांना ॲपलचे वेबकिट इंजिनच वापरावे लागे. ही अट २०२४ मध्ये शिथिल झाली ती युरोपीय संघापुरती.

ओळख नव्हे, क्षमता

‘तू कोण आहेस’ या प्रश्नापेक्षा ‘तुला हे करता येते काय’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरला. त्याचे बीज सीएसएसच्या मूळ घडणीतच होते : न समजलेली ओळ ब्राउझरने निमूटपणे सोडून पुढे जावे, असा तिचा नियम आहे. त्यामुळे आधी जुनी, सर्वांना कळणारी ओळ आणि तिच्याखाली नवी ओळ लिहिली की जुना ब्राउझर पहिलीवर थांबतो आणि नवा दुसरी स्वीकारतो. मोबाइलवर पत्त्याची पट्टी दिसते-लपते तेव्हा पडद्याची उंची बदलते. त्यासाठी आलेले नवे एकक आणि त्यापूर्वीचे एकक अशाच दोन ओळींत सुखाने नांदतात. आवृत्ती विचारावीच लागत नाही.

अनेक नियम एकत्रितपणे लावायचे असल्यास ‘सपोर्ट्स’ हा सशर्त नियम वापरतात. तो २०१३ च्या सुमारास फायरफॉक्स व क्रोममध्ये आणि २०१५ मध्ये सफारीत आला. पण तोही सर्वज्ञ नाही. ब्राउझरला ती ओळ कळते एवढेच तो सांगतो. ती योग्य रीतीने अमलात येते काय, हे सांगत नाही. घटकांमधील अंतर ठरवणारा गॅप हा गुणधर्म सफारीत ग्रिड मांडणीसाठी आधी आला, फ्लेक्स मांडणीसाठी १४.१ या आवृत्तीत. मधल्या काळात चाचणीचे उत्तर ‘होय’ येई, पण फ्लेक्समधील घटक एकमेकांना चिकटलेले दिसत. अशा मोजक्या ठिकाणी विशिष्ट इंजिनापुरता अपवाद आजही लिहावा लागतो.

त्याहून उत्तम उपाय म्हणजे कोणालाच अपाय न करणारा उपाय. एक्सप्लोरर ६ मध्ये डावीकडे तरंगत्या चौकटीचा समास कधी कधी दुप्पट होई. तिला ‘इनलाइन’ म्हटले की तो दोष नाहीसा होई आणि अन्य ब्राउझर तरंगत्या चौकटीबाबत ती सूचना मुळातच विचारात घेत नसत. येथे कोणाला वेगळे काढण्याची गरजच उरली नाही.

देवनागरीचा अनुभव

ब्राउझरभेदाची झळ मराठी वाचकाला केवळ मांडणीत नव्हे, तर अक्षरांतच बसली. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या सांकेतिक रचनेचे फॉन्ट वापरत. ते फॉन्ट वाचकाच्या संगणकावर आपोआप उतरावेत म्हणून एक्सप्लोररसाठी एक आणि नेटस्केप ४ साठी दुसरे स्वरूप असे. फॉन्ट उतरला नाही, तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसे. युनिकोडने अक्षराची ओळख फॉन्टपासून वेगळी केली आणि दिसणे बिघडले तरी मजकूर मराठीच राहील, याची हमी दिली.

आजही देवनागरीसाठी वेगळे नियम लागतात, परंतु ते ब्राउझरपरत्वे नसून भाषेपरत्वे असावेत. रोमन शीर्षकात अक्षरांमधील अंतर वाढवणे शोभते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. रफार, अनुस्वार आणि उकार यांना ओळींमध्ये अधिक उंची लागते. पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नोंदवून त्या भाषेपुरता नियम लिहिला, तर तो कोणत्याही आवृत्तीत अर्थपूर्ण राहतो.

अपवादाची शिस्त

अपवाद अपरिहार्य झाल्यास काही पथ्ये पाळावीत. मूळ शैलीपत्रक प्रमाणानुसार लिहावे आणि अपवाद त्यापासून वेगळा ठेवावा. कोणता दोष, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला आढळला हे त्याच्याशेजारी नोंदवावे. नियम ‘या आवृत्तीपर्यंत’ असा लिहावा. ‘या आवृत्तीपासून पुढे’ असे लिहिणे म्हणजे अद्याप जन्मास न आलेल्या ब्राउझरविषयी भाकीत करणे होय. ठरावीक काळाने अपवाद काढून पाहावा आणि पान न बिघडल्यास तो परत ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकही अपवाद लागू झाला नाही, तरी मजकूर वाचता यावा आणि अर्ज भरता यावा. मांडणी साधी दिसली तर वाचकाचे फारसे बिघडत नाही. ‘सादर करा’ हे बटण पडद्याबाहेर गेले तर त्याचे काम अडते. जुना संगणक वा स्वस्त मोबाइल वापरणारा मनुष्य ब्राउझरची आवृत्ती हौसेने निवडत नाही; बहुधा ती त्याच्या हाती आलेली असते. आवृत्तीपुरता लिहिलेला प्रत्येक नियम अखेर अशा कोणा माणसाविषयी घेतलेला निर्णय असतो.