पुणे दरबारातील दोन स्वभाव

इ. स. १७७३च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर, त्यांचे चुलते राघोबादादा यांना मसनदीवर टिकू द्यायचे नाही अशा निश्चयाने जे बारभाई एकत्र आले, त्यांच्या प्रकृती परस्परांहून इतक्या भिन्न होत्या की, त्यांच्या हातून वर्षानुवर्षे एक दौलत चालली याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. त्यांतही नाना फडणीस आणि महादजी शिंदे हे दोन ध्रुव. दोघेही पानिपतातून वाचलेले. पण नाना तेथून आईला कायमचे मुकून परतले आणि जन्मभर सावध, मितभाषी व हिशेबी राहिले, तर महादजी पायाला कायमचे अधूपण घेऊन, राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचवले म्हणून परतले, आणि त्या भिस्त्याला त्यांनी पुढे भावाचा मान दिला. एकाचा विश्वास दप्तरावर व जागोजागच्या अखबारांवर, दुसऱ्याचा माणसांवर व स्वतःच्या छावणीवर.

१७७९च्या जानेवारीत राघोबादादांचा पक्ष घेऊन मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तेव्हा हे दोन्ही स्वभाव एकाच कामी लागले. कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. वाटेवरची दाणावैरण जाळली गेली. तळेगावाहून माघारी वळलेल्या शत्रूला वडगावी कोंडून तह लिहून घेण्यात आला. खबरा व रसद सांभाळणारा कारभारी आणि मैदानात शत्रूची नाडी ओळखणारा सरदार, यांपैकी एकाला वगळून हा विजय मला कल्पिता येत नाही.

त्यांचे मतभेदही दौलतीच्या उपयोगी पडले. १७८२च्या मे महिन्यात महादजींनी इंग्रजांशी सालबाईचा तह ठरवला, कारण त्यांची दृष्टी दिल्लीकडे लागली होती. पण इंग्रजांशी लढणारा म्हैसूरचा हैदर अली हयात असेतो नानांनी त्यावर पुण्याची मंजुरी दिली नाही, कारण इंग्रजांवरचा तो दाब त्यांना हातचा घालवायचा नव्हता. उतावीळ कोण आणि संशयी कोण, असा वाद आमचे लेखक अद्याप घालतात. मला तो अन्यायाचा वाटतो.

१७९२त महादजी पुण्यास आले तेव्हा उत्तरेतील मोहिमांच्या खर्चाचा हिशेब दोघांत आडवा आला, आणि शब्द कडू झाले. या काळात उभय पक्षांचा विश्वास राखून होते ते हरिपंत फडके. स्वतः रणात वावरलेले आणि नानांच्या फडाची रीत जाणणारे हे गृहस्थ, दोघांपैकी कोणालाही आपला स्वभाव बदलायला न सांगता त्यांना एका मसलतीत बसवीत. इतिहासाने त्यांना दिलेले स्थान फार लहान आहे.

१७९४च्या फेब्रुवारीत वानवडीस महादजी वारले, जूनमध्ये हरिपंत गेले. पुढल्या वर्षी खर्ड्यास निजामावर विजय मिळाला खरा, परंतु नानांना विरोध करण्याइतका मोठा आणि तरीही दौलतीशी एकनिष्ठ असा माणूस त्यांच्यासमोर उरला नव्हता. १८००त नाना निवर्तले, आणि १८०२च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईस इंग्रजांच्या तहावर सही केली.