आयर्लंडच्या पुराणकथांतील आगंतुक समूह आणि भूमीवरील हक्काची कल्पना

प्रस्तावना :
आपण या भूमीवर प्रथम केव्हा आलो आणि ही भूमी आपली कशी झाली, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाज आपापल्या परंपरेतून देत असतो. अनेक परंपरा आपला मूळ पुरुष त्याच भूमीत जन्मला असे मानतात. आयर्लंडच्या परंपरेने मात्र वेगळे उत्तर दिले. तेथील पुराणकथांनुसार त्या बेटावरील सर्वच समूह समुद्रापलीकडून आलेले आहेत. या कथांना प्राचीन स्थलांतरांची स्मृती मानावे, की त्या रचणाऱ्या काळाचे साधन मानावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ग्रंथाचे स्वरूप :
या कथा प्रामुख्याने 'लेबोर गबाला एरेन' या ग्रंथात संकलित झाल्या आहेत. 'गबाला' या शब्दाचा अर्थ हस्तगत करणे असा होतो. ग्रंथाचे संकलन अकराव्या शतकात झाले. तथापि त्यातील काही कथा त्याहून जुन्या आहेत. इ.स. 829-830 च्या सुमारास वेल्समध्ये रचल्या गेलेल्या 'हिस्तोरिया ब्रितोनुम' या लॅटिन ग्रंथात पार्थोलोन व नेमेद यांचे उल्लेख सापडतात.

सहा आगमने :
ग्रंथात सहा आगमने क्रमाने येतात. पहिली केसेर ही नोहाची नात. महाप्रलयापूर्वी 40 दिवस ती 50 स्त्रिया व तीन पुरुषांसह बेटावर पोहोचली. त्यांपैकी केवळ फिन्तान वाचला. त्यानंतर आलेला पार्थोलोनचा समूह साथीच्या रोगाने नष्ट झाला. तिसऱ्या नेमेदच्या वंशजांना फोमोरी या समुद्री शत्रूंना धान्य, दूध व अपत्ये यांच्या रूपाने जबर खंडणी द्यावी लागली. त्यांनी बंड केले, परंतु मोजकेच लोक वाचले आणि देशोदेशी पांगले.

चौथा समूह फिर बोल्ग व पाचवा तुआहा दे दानन हे दोघेही या पांगलेल्यांचेच वंशज होत. फिर बोल्ग यांनी बेटाचे पाच प्रांत पाडले. विद्यासंपन्न तुआहा दे दानन यांनी माग तुइरेद येथे त्यांचा पराभव केला. म्हणजे हे दोन्ही समूह आक्रमक असले, तरी पूर्वजांच्या भूमीकडे परतलेलेही होते. अखेरीस स्पेनमधून मील एस्पानेचे पुत्र आले. तेच गेल लोकांचे पूर्वज मानले गेले. बान्बा, फोला व एरिउ या तीन राण्यांनी बेटाला आपले नाव मिळावे अशी मागणी केली आणि कवी अमेर्गिनने ती मान्य केली. 'एरिउ' या नावावरूनच आजचे 'एरे' हे देशनाम आले आहे. जेत्यांनी जितांच्या राणीचे नाव भूमीला कायम ठेवले, ही बाब लक्षणीय आहे.

स्मृती की रचना :
या कथा प्रत्यक्ष स्थलांतरांच्या स्मृती आहेत, असे मानण्याचा मोह अभ्यासकांनाही पडला. टी. एफ. ओ'राहिली यांनी 1946 मध्ये त्यांच्या आधारे केल्टिक स्थलांतरांचा क्रम मांडला. पुढील संशोधकांनी तो स्वीकारला नाही. याचे कारण ग्रंथातच आहे. मील एस्पाने हे नाव 'स्पेनचा सैनिक' या अर्थाच्या लॅटिन शब्दबंधाचे आयरिश रूप आहे. सेव्हिलचा इसिदोर (मृत्यू इ.स. 636) याने आयर्लंडच्या लॅटिन नावाचा संबंध आयबेरियाशी जोडला होता. स्पेनमधून झालेल्या आगमनामागे लोकस्मृतीपेक्षा मठांतील ग्रंथवाचन अधिक आहे. बायबलच्या विश्वेतिहासात आपल्या बेटाला स्थान मिळवून देणे, हे ख्रिस्ती आयरिश विद्वानांचे उद्दिष्ट होते.

आयर्लंडमध्ये मोठी स्थलांतरे झाली, हे खरे आहे. 2015 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने बेलफास्टजवळील नवाश्मयुगीन स्त्री व रॅथलिन बेटावरील कांस्ययुगीन पुरुष यांच्या वंशमूळात मोठा फरक असल्याचे दाखविले. परंतु हे अवशेष ग्रंथरचनेपूर्वी अडीच ते चार सहस्रकांचे आहेत. एकाच्या आधारे दुसरे सिद्ध होत नाही.

राजकीय उपयोग :
या कथांचा खरा प्रभाव उत्तरकाळात दिसतो. 1317 मध्ये डोनल ओ'नील याने पोप बाविसावा जॉन याला पाठविलेल्या निवेदनात मीलपुत्रांच्या अखंड वंशाचा दाखला देऊन इंग्रजी सत्तेचा हक्क नाकारला. याउलट 1634 च्या सुमारास आयरिश भाषेत देशाचा इतिहास पूर्ण करणारा धर्मगुरू जेफ्री कीटिंग हा स्वतः नॉर्मन आगंतुकांचा वंशज होता. बेट हस्तगत करणाऱ्यांच्या मालिकेत त्याने आपल्या पूर्वजांनाही सामावून घेतले. एकाच कथेने एकाला परक्यांना वगळण्याचा, तर दुसऱ्याला स्वतःचा समावेश करण्याचा आधार दिला.

निष्कर्ष :
'लेबोर गबाला' हा प्रागैतिहासिक काळाचा पुरावा नसून मध्ययुगीन आयरिश विचाराचा पुरावा आहे. त्यात भूमीवरील हक्क जन्मसिद्ध नसून आगमन, संघर्ष व नामकरण यांतून प्राप्त होतो. जेथे सर्वच आगंतुक आहेत, तेथे शेवटचा आगंतुक कोणास म्हणावे, हा प्रश्न मात्र ग्रंथ खुला ठेवतो. म्हणूनच प्रत्येक पिढीला त्याचे उत्तर आपल्या गरजेनुसार देता आले. वंशकथांचा साधन म्हणून उपयोग करताना त्यांत कोणाची स्मृती आहे याबरोबरच त्यांतून कोणाचा हक्क सिद्ध केला जात आहे, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने तपासणे आवश्यक ठरते.