‘आई’ हा शब्द असभ्य ठरला तेव्हा

विवाहसंस्था मानवाबरोबर जन्मास आली नाही, ती कालौघात घडत गेली, असे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखनात साधार मांडले. जे घडले ते मोडूही शकेल, ही त्याच विचाराची दुसरी बाजू आल्डस हक्स्ले या इंग्रज लेखकाने १९३२ साली ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत रंगविली.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातील रक्षकवर्गासाठी स्त्रिया व अपत्ये सामाईक मानली होती. गर्भ मातेच्या उदराबाहेर वाढविता येईल, असे भाकीत जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२३ साली केंब्रिजच्या व्याख्यानात केले होते. (हेच हॉल्डेन पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.) रशियात तर १९२६ च्या कायद्याने नोंदणीवाचूनचे सहजीवनही मान्य झाले व घटस्फोट एकाच पक्षाच्या इच्छेवर मिळू लागला. दहा वर्षांतच, १९३६ साली, त्याच शासनाने घटस्फोट महाग केला आणि गर्भपातावर बंदी घातली.

हक्स्ले यांच्या राज्यात असे माघारी वळणे नाही. तेथे मुले बाटल्यांत वाढतात. एका बीजापासून ९६ पर्यंत हुबेहूब जुळी निघतात. एकनिष्ठेविरुद्ध कायदा करावा लागत नाही. लेनिना ही तरुणी चार महिने एकाच पुरुषाच्या सहवासात राहते, तर मैत्रीणच तिला दटावते. आम्हांस हा तपशील तुरुंगापेक्षा भयंकर वाटतो. जगाची लोकसंख्या २०० कोटी आणि नावे मात्र अवघी दहा हजार! वारसनोंदीची प्रकरणे हाताळण्यात आमची हयात गेली, घरी कुलवृत्तान्त जपून ठेवला. तेव्हा या एका आकड्यावर आम्ही बराच वेळ थबकलो. तेथे वारस नाही, म्हणून वादही नाही.

हक्स्ले कुटुंबाची भाबडी आरती मात्र करीत नाहीत. जुन्या घरातील कोंदटपणा, आईची गुदमरविणारी माया, मत्सर यांचे जे वर्णन राज्याचा नियंत्रक मुस्तफा माँड करतो, ते अगदीच खोटे नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ते ओळखीचेही वाटेल.

न्यू मेक्सिकोतील राखीव प्रदेशात मागे राहिलेली लिंडा आणि तिच्या पोटी जन्मलेला जॉन लंडनला येतात. भर सभेत जॉन प्रजननकेंद्राच्या संचालकापुढे गुडघे टेकून त्यास ‘बाबा’ म्हणतो. संताप नव्हे, हास्याचा कल्लोळ उसळतो, आणि त्या लज्जेने संचालक पद सोडतो.

पुढे लिंडा मरणोन्मुखांच्या रुग्णालयात पडते. त्या समाजात मृत्यूचे भय राहू नये म्हणून अठराव्या महिन्यापासून बालकांना आठवड्यातून दोन सकाळी अशा रुग्णालयात आणतात. उत्तमोत्तम खेळणी तेथेच ठेवलेली असतात. लिंडाच्या खाटेभोवतीही एकाच चेहऱ्याच्या मुलांचा घोळका जमतो आणि तिच्या स्थूल देहाकडे कुतूहलाने पाहतो. आई गेली म्हणून जॉन हुंदके देऊ लागतो. परिचारिका धास्तावते ती मुलांच्या काळजीने: या रडण्याने त्यांचे इतक्या दिवसांचे शिक्षण बिघडायचे. ती घाईघाईने खाऊ पुढे करते.