घरातील मत्स्यालय : मासे आणण्यापूर्वी पाण्याची सिद्धता

दिवाणखान्यात काचेची टाकी मांडली, तळाशी खडी पसरली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे सोडले की मत्स्यालय तयार झाले, असा अनेकांचा समज असतो. आठ-पंधरा दिवसांत मासे एकेक करून मरू लागतात आणि दोष विक्रेत्याला किंवा खाद्याला दिला जातो. प्रत्यक्षात कारण बहुधा पाण्यात असते. डोळ्यांना नितळ दिसणारे पाणीही माशांना विषारी ठरू शकते.

नत्रचक्र

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तोच वायू निर्माण होतो. नदी-तलावातील विपुल पाण्यात तो विरून जातो. टाकीत मात्र साचत राहतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि हवेचा पंप सुरू असतानाही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पुढे नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू नायट्राइटपासून तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट तयार करतात. हे जिवाणू मुख्यत्वे फिल्टरच्या स्पंजावर व खडीवर वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात.

पूर्वतयारी

दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ७० लिटर पाणी मावते. नवशिक्यांना असा आकार सोयीचा, कारण लहान भांड्यातील पाणी लवकर बिघडते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन मासे व जिवाणू या दोघांनाही मारक असतो. म्हणून पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे अथवा क्लोरिन घालवणारे औषध वापरावे. पाण्यात क्लोरामाइन असल्यास औषधाला पर्याय नाही. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. फिल्टर सुरू करून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास ही प्रक्रिया वेगाने होते. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी सिद्ध झाली असे समजावे.

माशांची निवड व निगा

प्रारंभी गप्पी, प्लॅटी किंवा मॉली असे काटक मासे तीन-चारच आणावेत. ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा नाजूक असल्याने टाकी स्थिरावल्यावर, थव्याने आणावा. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला, मोठा होणारा व बरीच घाण करणारा मासा; उष्ण कटिबंधातील माशांसोबत तो ठेवू नये.

दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी सायफनने काढून तेवढेच क्लोरिनमुक्त पाणी भरावे. स्पंज नळाखाली धुतल्यास त्यावरील जिवाणू नष्ट होतात; तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

मासे धापा टाकू लागल्यास तपासणीविना औषधे ओतू नयेत. खाद्य थांबवून निम्मे पाणी तत्काळ बदलावे आणि अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही शून्यावर येईपर्यंत रोज थोडे पाणी बदलत राहावे व नवा मासा आणू नये.