लुधियानाची लोकर आणि गल्लीतले दुकान

आई लोकर घेताना रंगाआधी लेबलवरचा लॉट नंबर बघायची. एकाच रंगाच्या दोन लॉटांत किंचित फरक असतो, तो बाही विणून झाल्यावरच कळतो. एकदम दहा गुंडे घ्यायला पैसे नसत. मग गल्लीतले दुकानदार काका उरलेले गुंडे तिचे नाव लिहून बाजूला ठेवत.

ती लोकर लुधियानाहून यायची. 1833 च्या सुमारास काश्मिरात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा शाली विणणारे कितीतरी कारागीर घरदार सोडून तिथे जाऊन राहिले. त्यांच्या हातांवर त्या शहराचा लोकरीचा धंदा वाढला. शालींनंतर होजियरी आली, मग सूतगिरण्या. 1960 च्या दशकात वर्धमानची गिरणी निघाली. लेबलवर महावीरांचे नाव वाचून मला लहानपणी वाटे, ही लोकर देरासरातच मिळत असणार!

मागच्या हिवाळ्यात नातवाच्या स्वेटरसाठी मी घरबसल्या लोकर मागवली. चार पैसे वाचले. पण एक गुंडा कमी पडला, नंतर मागवलेला दुसऱ्या लॉटचा निघाला आणि डावी बाही गडद दिसू लागली. शेवटी काकांच्या मुलाकडे गेले. तो म्हणाला, "दोन्ही बाह्या उसवा, मावशी. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असे आलटूनपालटून विणा." फरक खरेच लपला.

त्याच्या दुकानात आता निम्म्या फळ्यांवर तयार स्वेटर आहेत, तेही लुधियानाचेच. खालच्या फळीवर माझे नाव लिहिलेले आठ गुंडे आहेत. चार या महिन्यात आणीन, चार पुढच्या.