म्हातारपणाची जाग

द्रोणागिरी हे नाव जागे करण्याच्या कथेतले. मूर्च्छित लक्ष्मणाला शुद्धीवर आणणारी वनस्पती त्या पर्वतावरची. उरणजवळच्या आमच्या द्रोणागिरीत वृद्धांची तक्रार मात्र उलटी आहे: रात्री तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. दोष कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांना दिला जातो. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. पण जिथे ट्रेलर फिरकत नाहीत तिथले म्हातारेही असेच उठून बसतात.

चरकाने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. युरोपीय वैद्यकात मात्र झोप म्हणजे निव्वळ जागृतीचा अभाव, ही समजूत बराच काळ टिकली. १९१७ मध्ये व्हिएन्नात फॉन इकोनोमो याने एका विचित्र मेंदुज्वराचे वर्णन केले. मृतांचे मेंदू तपासताना त्याला दिसले, की हायपोथॅलॅमसच्या मागील भागाला इजा झालेले रुग्ण सतत झोपत, पुढील भागाला इजा झालेल्यांना झोपच येत नसे. जागवणारे आणि निजवणारे वेगळे! १९४९ मध्ये मोरुझ्झी व मॅगून यांनी मस्तिष्कस्तंभातील जागृतीचे जाळे दाखवले. १९९८ मध्ये हायपोथॅलॅमसमधले, जागे ठेवणारे ओरेक्सिन सापडले.

२०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना वृद्ध उंदरांत ओरेक्सिनच्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. पण उरलेल्या पेशी क्षुल्लक कारणानेही चेतत होत्या, कारण त्यांना आवरणारा पोटॅशियमचा प्रवाह दुबळा झाला होता. (उंदरांवरून आजोबांचे निदान करू नये, हे खरेच.) तरी 'वयानुसार झोप कमीच लागते' हे वाक्य संशयास्पद वाटू लागते: गरज घटते, की झोप टिकवण्याची क्षमता?

आई तीनला उठून चहाचे आधण ठेवते, तेव्हा 'दुपारी झोपलीस ना, म्हणून' असे मी हल्ली म्हणत नाही.